लाल चिमटा

"म्हंजे मातीला शॉक देणार म्हणा की," केरबा मिस्त्री म्हणाले.

"शॉक नाही हो. हळूहळू, महिना-दोन महिने करंट सोडायचा."

"मग त्येनं मातीला काय व्हायचं?"

मी कंबरेवर हात ठेवले. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि जगातल्या बहुतेक लोकांना काही समजत नाही, ते समजावून सांगायचं काम आपल्यावर सोपवलेलं आहे, अशी माझी पक्की खात्री होती.

"हे बघा मिस्त्री. ही माती ओली ठेवायची. या भिंतीच्या कडेने पाइप पुरायचे, त्यांत कांड्या सोडायच्या आणि त्यांना प्लस जोडायचं. तिकडे तुमच्या स्वयंपाकघराच्या बाजूला तसेच पाइप, त्यांना मायनस. मातीत अडकलेला क्रोम पाण्यात सुटतो आणि सरकत सरकत एका बाजूच्या पाइपांत येऊन जमतो. तिथून पंपाने उपसायचा. खणायला नको, ट्रकने माती कुठे न्यायला नको."

"आन् जमतो कुठं? मायनसला?"

"प्लसला."

मिस्त्री हसले. पुढचे दोन दात नसल्यामुळे त्यांचं हसू लहान मुलासारखं दिसायचं. "बाळ, चाळीस वर्षं क्रोम केलाय म्या. हौदात सायकलीचं हँडल मायनसला टांगायचं, क्रोम त्येच्यावर येऊन बसतो. प्लसला शिसं असतंय. त्येच्यावर कायबी बसत न्हाई."

"तुमच्या हौदातली गोष्ट वेगळी, मातीतली वेगळी. मातीत तो प्लसकडेच जातो. हा लाल चिमटा दिसतोय ना? याच्याकडे."

"असं व्हय," मिस्त्री म्हणाले. मग पाठ करत असल्यासारखं पुन्हा एकदा म्हणाले, "लाल चिमट्याकडं."

कोल्हापूरपासून तासाभरावर बोरमाळ म्हणून गाव आहे. तिथे मिस्त्रींचं प्लेटिंगचं दुकान होतं. आधी सायकलींची हँडलं, मग मोटारसायकलींचे सायलेन्सर, असं चाळीस वर्षं चकाकवून चार वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं होतं. दुकानामागच्या जागेत गवताची काडी उगवत नव्हती. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडल्या की त्यांच्या कडांना पिवळं पूट धरायचं. विजेने माती साफ करायचा आमचा प्रयोग तोवर कॉलेजातल्या एका काचेच्या पेटीत झाला होता. खऱ्या जमिनीवर करून बघायला माझे गाइड किणीकर सर दीड वर्ष जागा शोधत होते. पण आपली जमीन खराब आहे असं कबूल करायला एकही कारखानदार तयार नव्हता. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि मिस्त्री एस.टी.ने थेट कॉलेजात येऊन उभे राहिले. "माझी माती घाण हाय," असं म्हणणारा आयुष्यात भेटलेला पहिला माणूस, असं सर त्यांच्याबद्दल कौतुकाने सांगायचे.

मिस्त्रींनी सरांना एकच प्रश्न विचारला होता. "शेजारच्या हिरीचं पाणी सुधारंल का त्येनं?"

"माती सुधारली तर पाणीही सुधारेल. वेळ लागेल," सर म्हणाले. तेवढ्यावर मिस्त्रींनी कागदावर सही केली.

शेजारची विहीर अनसाक्काची होती. दोन जागांच्या मधे छातीएवढी भिंत, भिंतीपलीकडे अनसाक्काचं घर आणि परसात ती विहीर. अकरा वर्षांपूर्वी एका महिन्यात तिचं पाणी पिवळं झालं होतं. गावात कुणालाही विचारलं तरी कारण एकच सांगायचे, वरच्या उतारावरचा रंगाचा कारखाना. अनसाक्काचा नवरा आबा त्या कारखानदाराशी सहा वर्षं भांडला, तालुक्याला खेटे घातले, अर्ज केले. शेवटी कारखाना बंद पडला आणि पाठोपाठ आबाही गेला. विहीर पिवळीच राहिली. अनसाक्का पासष्टीला आली होती आणि दोन गल्ल्या ओलांडून नळाचं पाणी डोक्यावरून आणत होती.

मिस्त्रींची बायको गेल्यापासून त्यांची भाकरी भिंतीवरून यायची. बारा वाजले की भिंतीवर जर्मनची ताटली दिसायची आणि हाक यायची, "भावजी, भाकरी!" मी आल्यावर ताटली मोठी झाली. अनसाक्का त्या भागातल्या बायकांसारखी 'मी जातो, मी करतो' असं बोलायची. तिला माझं भारी नवल वाटायचं.

"इनया नाव कुणी ठिवलं गं तुझं?" एकदा मी दुकानदाराशी फोनवर भांडत होते ते ऐकून तिने विचारलं.

"विनया. आत्याने ठेवलं."

"तिला बोलाव हितं. मी बगतो तिच्याकडं."

मिस्त्री इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मिस्त्रींच्या ओसरीवरच माझी प्रयोगशाळा होती. मिस्त्रींचं म्हणणं, करंट सोडायला त्यांचा जुना रेक्टिफायर वापरावा. तो बारा व्होल्टचा, मातीला कमी पडला असता, म्हणून मी कॉलेजचा आणला. त्यांना ते लागलं. "बारा व्होल्टवर निम्म्या जिल्ह्याच्या सायकली चमकवल्यात म्या," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. पण काम मात्र माझ्याहून मन लावून करायचे. प्लसच्या पाइपांतून उपसलेलं पिवळं पाणी ड्रममध्ये घ्यायचं, त्यात हिराकस हा लोखंडाचा क्षार टाकून ते हिरवं करायचं, म्हणजे त्याचं विष पुष्कळ उतरतं, मग चुना घालून गाळ बसवायचा. हे सगळं त्यांच्या हातचंच होतं. मी रोज नमुने घ्यायची. नळीत औषधाचा थेंब टाकला की पाणी जांभळं व्हायचं, आणि जितकं जांभळं तितका क्रोम जास्त. मिस्त्री उकिडवे बसून जांभळा रंग बघत राहायचे.

एक दिवस त्यांनी विचारलं, "लाइट गेल्यावर काय व्हतंय गं?"

तेव्हा रोज चार तास भारनियमन असायचं. "काही होत नाही. करंट थांबतो, पंप थांबतो. लाइट आले की पुन्हा सुरू."

"मग लाल चिमट्याखाली जमल्यालं?"

"ते तिथेच राहतं."

"तिथंच ऱ्हातंय?"

"मिस्त्री, चार तासांत काही आकाश कोसळत नाही."

पुढच्या आठवड्यात मला प्लसच्या एका पाइपाशेजारी दोरी बांधलेली खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली सापडली. लाइट गेले की मिस्त्री ती पाइपात सोडून पिवळं पाणी हाताने उपसत बसायचे. मी डोक्याला हात लावला. बाहेरची बाटली पाइपात घातल्यावर माझ्या नमुन्यांचं काय? मी फणफणले. मिस्त्रींनी बाटली उचलली, दोरी गुंडाळली आणि म्हणाले, "न्हाई घालत." दुसऱ्या दिवशी दोरी नवी होती आणि बाटली माझ्या नळ्या धुवायच्या पाण्याने स्वच्छ धुतलेली. मी हात टेकले.

एवढं सगळं करूनही प्रयोग अडकला होता. पहिले पंधरा दिवस भराभर पिवळं निघालं. मग पुढचे दहा दिवस रोज जेमतेम. आठ दिवसांनी सर यायचे होते. आकडे हलले नाहीत तर प्रयोग तिथेच गुंडाळायचा, जागेवर काँक्रीट टाकून माती झाकायची असं कॉलेजचं ठरलं होतं. मग माझी पदवी एक वर्ष पुढे गेली असती. आणि झाकलेल्या मातीतून विहीर कधीच सुधारली नसती. हे दुसरं मला माहीत होतं, पण खरं सांगायचं तर झोप उडाली होती ती पहिल्याने.

त्यातच पुण्याला मावसबहिणीचं लग्न. चार दिवस जाणं भाग होतं. मी मिस्त्रींना वहीत सगळं लिहून दिलं. पंप कधी, पाणी किती, आणि शेवटी ठळक अक्षरांत 'बाकी कशालाही हात लावू नये'.

परत आले ती सकाळी दहाच्या एस.टी.ने. मेंदी लावलेल्या हातात पिशवी तशीच घेऊन मी मागे गेले. भिंतीकडच्या पाइपांत पाणी फिकट झालं होतं. स्वयंपाकघराच्या बाजूच्या पाइपांत पिवळंधमक. मला वाटलं, आपण उलट्या दिशेने आत आलो की काय. मग चिमटे बघितले. लाल चिमटे सगळे मिस्त्रींच्या घराच्या बाजूला, काळे भिंतीकडे. जोडसुद्धा किती सफाईने केलेले, प्रत्येकावर टेपचे तीन वेढे.

"मिस्त्री!"

ते ओसरीवरून धावत आले. त्यांच्या हातात लसूण होता.

"हे कुणी केलं?"

"म्या केलं."

"कधी?"

"तू गेलीस त्याच दिवशी."

माझा तोल गेला. "किती वेळा सांगितलं तुम्हाला, हा तुमचा हौद नाही! क्रोम मायनसला जातो, क्रोम मायनसला जातो, तेच धरून बसलात. चाळीस वर्षं एकच गोष्ट केली म्हणजे सगळं कळत नसतं. जे कळत नाही त्याला हात लावू नये माणसाने! माझं वर्ष घालवलंत तुम्ही, कळतंय का?"

भिंतीवर अनसाक्काचं डोकं दिसलं. पलीकडच्या गल्लीतून जाणारी दोन माणसं थांबली. मी अजूनही बोलत होते. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. आठवत नाही म्हणून नव्हे.

मिस्त्री लसूण चोळत उभे होते. "चुकलं बाळ," ते म्हणाले. "सवय. हात आपसूक गेला."

"अगं ए," अनसाक्का भिंतीवरून म्हणाली, "बापाच्या वयाचा माणूस हाय त्यो."

मी पिशवी तिथेच टाकली आणि एस.टी.डी. बूथवर जाऊन सरांना फोन केला. "काहीच हलवू नकोस," सर म्हणाले. "मी उद्याच येतो."

त्या दिवशी बारा वाजता ताटली आली. मिस्त्रींनी माझी भाकरी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि वर लसणाचा ठेचा. मी तो खाल्ला नाही. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत एक ठेवून द्यावीशी वाटते.

सर दुसऱ्या दिवशी आले. पाइपापाइपातून नमुने घेतले, थेंब टाकले, आकडे मांडले, पुन्हा मांडले. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

"विनया, आधीच्या दहा दिवसांत निघालं नव्हतं तेवढं या चार दिवसांत निघालंय. एकाच दिशेने ओढून ओढून माती आंबट झाली होती, क्रोम धरून बसली होती. दिशा उलटवल्यावर सुटली. मी हे वाचलं होतं, पण इथे करून बघावं असं मला सुचलं नाही." ते मनापासून हसले. "तुला कसं सुचलं?"

मिस्त्री चहाचे कप घेऊन दारातच उभे होते.

एवढा एकच क्षण होता. सरांनी दीड वर्षात माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं. मी म्हणाले, "असंच सर. करून बघितलं."

मिस्त्रींनी सरांपुढे कप धरला. "पोरगी हुशार हाय सर," ते म्हणाले.

सर गेले. मी ओसरीवर बसले होते आणि मान वर होत नव्हती. मिस्त्री कप विसळून आले आणि शेजारी बसले.

"मिस्त्री, मी खोटं बोलले."

"व्हय."

"तुमच्या हातून चुकून झालं असलं तरी झालं तुमच्यामुळे. आणि मी तुम्हाला काय काय बोलले."

"चुकून न्हाई झालं."

मी वर बघितलं.

"मीबी खोटंच बोललो की काल," मिस्त्री म्हणाले. "सवयीनं व्हय? चार घंटे लागलं मला जोड कराया. तूच सांगितलंस नव्हं पैल्या दिवशी, मातीत क्रोम लाल चिमट्याकडं जातो म्हून. रोज बघत व्हतो. रोज त्या भितीकडं पिवळं वाढत व्हतं. लाइट गेली की तितंच तुंबून बसायचं. भितीच्या पल्याड बारा फुटांवर काय हाय?"

भिंतीपलीकडे काय आहे हे मला माहीत होतं. रोज तिथूनच तर भाकरी यायची.

"तुज्या नकाशात हिर न्हाई," ते म्हणाले.

खरंच नव्हती. सरांनी केबिनमध्ये बसून काढलेला नकाशा भिंतीपाशी संपत होता आणि मी तोच ओसरीवर लावला होता. उतारही तिकडचाच. आपण जागाभरचं विष गोळा करून अनसाक्काच्या विहिरीच्या तोंडाशी नेऊन ठेवतोय, रोज चार तास पंप बंद ठेवतोय, हे दोन इंजिनिअरांना दिसलं नव्हतं. औषधाच्या बाटलीने उपसत बसलेल्या माणसाला दिसलं होतं.

"म्हटलं, जमायचंच असंल तर माज्या चुलीखाली जमू दे."

"पण मग मला सांगायचं ना मिस्त्री! काल मी एवढी ओरडले. एका शब्दाने सांगितलं असतं तर—"

"काय सांगू? हिरीची एवढी काळजी का, म्हून इचारलं असतंस." ते हाताची नखं बघत होते. चाळीस वर्षांत ती कायमची पिवळी झाली होती. "रंगवाल्यानं न्हाई गं नासवली ती हिर. माजा हौद फुटला व्हता. शिमग्याच्या आदल्या दिवशी. चारशे लिटर क्रोमचं पाणी. सकाळी येऊन बघतो तर हौद कोरडा, सगळं भुईत गेल्यालं. म्हैन्यानं हिर पिवळी झाली. लोक म्हणाले रंगवाला, म्या बी मान डोलावली. आबा त्येच्या दारात जाऊन भांडायचा तवा म्या संगं जायाचो. सा वर्षं माजा दोस्त चुकीच्या माणसाशी भांडला, आन् म्या त्येच्या मागं उभा राहून व्हय व्हय म्हणलो. त्यो गेला तवाबी तोंड उघडलं न्हाई. आन् ती माउली मला भाकरी देती."

भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"काल तू म्हणलीस, हौदाचंच धरून बसलाय म्हून. मला बरंच वाटलं. येडा ठरलो तर सुटलो." मिस्त्रींनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "आज तू सरास्नी बोललीस आन् तुजं तोंड बघितलं. म्हटलं, एका खोट्यानं हिचं तोंड एका दिवसात एवढं पडावं, आन् म्या अकरा वर्षं काढली."

ते उठले. "चल माज्यासंगं. एकट्याचं पाय न्हाईत जायाचं."

भिंतीला वळसा घालून जायला दोन मिनिटं लागायची. आम्हाला फार वेळ लागला. अनसाक्का चुलीपाशी बसली होती. मिस्त्री उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले. त्यांनी जे सांगितलं ते मला सांगितलं त्याच्या निम्म्या शब्दांत. हौद, शिमगा, आबा.

अनसाक्काने हातातली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि ती उलटायची विसरली. आम्ही तिघं त्या भाकरीकडे बघत होतो. करपल्याचा वास सुटला तरी तिचा हात हलला नाही.

"आबास्नी ठावं व्हतं?" तिने विचारलं.

"न्हाई वैनी."

"जावा," ती म्हणाली.

संध्याकाळी मी बूथवर जाऊन सरांना पुन्हा फोन केला. दिशा मी उलटवली नव्हती, मिस्त्रींनी उलटवली होती आणि का, ते सगळं सांगितलं. मीटर पळत होतं.

"हे मला सकाळी सांगायला हवं होतंस," सर म्हणाले. आणि मग, "विहीर भिंतीपासून किती फुटांवर आहे?"

"बारा."

"आपण दोघंही गाढव आहोत. चिमटे आहेत तसेच राहू देत. आणि त्यांचं पूर्ण नाव लिहून घे."

दुसऱ्या दिवशी बारा वाजले. ताटली आली नाही. मिस्त्री भिंतीकडे बघत नव्हते आणि मीही बघत नव्हते, पण दोघांनाही दुसरं काही दिसत नव्हतं. मग त्यांनी भात टाकला. तो कच्चा राहिला. आठ दिवस आम्ही कधी कच्चा, कधी गचका भात खाल्ला. पिवळं पाणी उपसलं, हिराकस घातला, चुना घातला. पलीकडून भांड्यांचा आवाज नाही, हाक नाही. गल्लीत मात्र बातमी फिरली. कुणी मिस्त्रींना तोंडावर बोललं, कुणी बघून थुंकलं. ते म्हणायचे, "बोलू देत. उशिरा का हुईना."

नवव्या दिवशी मी नळ्या धूत होते. भिंतीवर जर्मनची ताटली टेकल्याचा आवाज झाला. हाक नव्हती. मी उठून गेले. ताटलीत चार भाकऱ्या, पिठलं, आणि भिंतीपलीकडे अनसाक्का उभी.

"त्यास्नी बोलाव," ती म्हणाली.

मिस्त्री आले. तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. "आठ दिवसांत किती वाळलायसा," ती म्हणाली आणि आवाज पुन्हा कडक केला. "ऐका. वर गेल्यावर आबास्नी तुमचं तुमी काय सांगायचं ते सांगा. माजं सांगतो. ही हिर नीट झाली पायजे. आन् नीट झाली म्हून हिचा कागद आला, की पैला तांब्या तुमी प्यायचा. माज्या म्होरं."

"पितो वैनी."

"आन् गं ए हुशार, तुज्या त्या नकाशात माजी हिर काढ."

मी त्याच दुपारी काढली. शिसपेन्सिलीने एक गोल, शेजारी 'अनसाक्काची विहीर'. तो नकाशा तसाच प्रबंधात छापला आहे. चौथ्या प्रकरणात एक ओळ आहे, 'विद्युत्‌दिशा उलटवण्याचा निर्णय : श्री. केरबा सखाराम लोहार, बोरमाळ'. तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, हे कुठल्या संस्थेत असतात? सर म्हणाले, "स्वतःच्या."

पदवी मिळाली तरी काम संपलं नव्हतं. कॉलेजने मुदत वाढवली, जागेत पाइपांच्या आणखी तीन ओळी पडल्या, विहीर चार वेळा तळापर्यंत उपसून तेही पाणी ड्रममधून काढलं. मी महिन्यातून एकदा जायची. आता वीस वर्षं मी हेच काम करते, आणि कुठल्याही जागेवर गेले की आधी भिंतीपलीकडे डोकावते. माझ्या हाताखालची मुलं याला मॅडमची खोड म्हणतात.

त्या नकाशानंतर दोन वर्षं आणि चार महिन्यांनी सरकारी प्रयोगशाळेचा कागद हातात आला. पाणी पिण्यास योग्य. मी पहिली एस.टी. पकडून बोरमाळला गेले. कागद वाचून दाखवला, पण अनसाक्काचा कागदावर विश्वास नव्हता. "त्यो जांभळा थेंब टाक," ती म्हणाली.

तिने रहाटाने बादली ओढली. मी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकला, हलवलं. आम्ही तिघं नळीकडे बघत राहिलो. पाणी पाण्यासारखंच राहिलं.

अनसाक्काने घासूनपुसून ठेवलेला पितळेचा तांब्या बादलीत बुडवला आणि मिस्त्रींपुढे धरला. मिस्त्रींनी टोपी काढून खिशात घातली आणि दोन्ही हात पुढे केले. सत्तरी उलटली होती त्यांची.

अनसाक्काने त्यांच्या हातांकडे बघितलं. त्या पिवळ्या नखांकडे बघितलं. मग तांब्या मागे घेतला, मान वर केली आणि वरून धार धरून स्वतःच पिऊ लागली. मिस्त्री "वैनी, वैनी" म्हणत राहिले. तिने निम्मा तांब्या संपवला, पदराने तोंड पुसलं.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. "घ्या. निम्मा तुमचा."

मिस्त्रींनी तांब्या धरला, पण प्यायच्या आधी त्यांना विहिरीच्या कठड्यावर बसावं लागलं. त्यांचा खांदा धरून मी उभी राहिले. माझं मलाही काही धड दिसत नव्हतं.

"तू काय रडतीस गं?" अनसाक्का बादली उचलत म्हणाली. "आत चल. ह्या पाण्याचा च्या टाकतो."